अठरा कोटींचा उपचार आणि आपल्या वस्तीतला सिकलसेल

देवळी तालुक्यातील एका खेड्यातून आलेला बाप माझ्या ऑफिसात बसला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले मुलीचे सिकलसेलचे कार्ड. साक्षगंध झालेले, तारीख ठरलेली, आणि मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की मुलगी 'एएस' आहे, आम्हाला जमत नाही. त्याने मला विचारले, "वकीलसाहेब, डॉक्टर म्हन्ते पोरीले काईच रोग नाई. मंग सोयरीक काहून मोडली? याची केस होते का?"

केस होते. झालेल्या खर्चाची भरपाई मागता येते, बदनामीचा मुद्दा असेल तर तोही मांडता येतो. पण मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारला, "मुलाची तपासणी झाली होती काय?" बाप गप्प राहिला. नव्हती झाली. मुलाकडच्यांनी मुलीचे कार्ड मागितले, स्वतःच्या मुलाचे रक्त तपासण्याची गरज कुणालाच वाटली नाही. पुरुषाचे रक्त तपासायचे असते हेच आपल्या समाजाला मान्य नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांच्या घरातली ही गोष्ट आहे. म्हणून हा लेख लिहावा लागत आहे. तो औषधाविषयी आहे, विज्ञानाविषयी आहे आणि कायद्याविषयीही आहे. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आधी विज्ञान. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, लवचिक असतात. त्यात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला की साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून कायमचा ॲनिमिया, डोळे पिवळे, प्लीहा निकामी, आणि लहान मुलांना जंतुसंसर्गाचा मोठा धोका.

प्रत्येक माणसाला हे जनुक दोन मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही बदललेले असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकच बदललेले असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नाही. तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, म्हातारा होऊन मरतो आणि आपण वाहक होतो हे त्याला कळतही नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची एक. जोडीदार 'एए' असेल तर मूल एसएस होऊच शकत नाही. म्हणजे देवळीच्या त्या मुलीचे लग्न मोडायचे की नाही, याचे उत्तर तिच्या रक्तात नव्हते. ते त्या मुलाच्या रक्तात होते, आणि ते कुणी पाहिलेच नाही. (सिकलचे एक आणि थॅलेसेमियाचे एक अशी जोडी पडली तरी आजार होतो. म्हणून नुसत्या प्राथमिक तपासणीवर न थांबता पक्की तपासणी करून घ्यावी लागते.)

हा आजार वैद्यकीय पुस्तकात आला तो १९१० मध्ये. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. त्या रेणूतला नेमका फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधला आणि त्यांचा तो लेख 'नेचर' या साप्ताहिकात १३ ऑक्टोबर १९५६ रोजी प्रसिद्ध झाला. तारीख पुन्हा वाचावी. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत उभ्या असलेल्या किती मायबापांच्या रक्तात हे जनुक होते, हे त्या दिवशी ना केंब्रिजला माहीत होते ना नागपूरला. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला तो विसरता येत नाही.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची. लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो शोधला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांवरील मजुरांमध्येही तो सापडला. नागपूरकडचा पुरावा यायला १९५८ उजाडले. शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले आणि त्यात महार समाजाचे नाव आले. तेव्हापासून एक शिक्का बसला. "हा महारांचा रोग." आजही सरकारी दवाखान्यातला एखादा कर्मचारी कार्ड पाहून आडनाव विचारतो, किंवा आडनाव पाहून कार्ड विचारतो.

हा शिक्का अवैज्ञानिक आहे. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि इतर संशोधकांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहण्यांत हे जनुक गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा, कोरकू अशा अनेक आदिवासी समूहांत आणि विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीयांतही आढळलेले आहे. कुणबी, तेली घरांतही रुग्ण आहेत. प्रमाण कमी-जास्त आहे, आणि आपल्या समाजात ते जास्त आहे हे लपवण्यात अर्थ नाही. काही समूहांत दर पाच-दहा माणसांमागे एक वाहक सापडतो. पण त्याचे कारण पाप नाही, घाण राहणी नाही, मांसाहार नाही. कारण आहे मलेरिया. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे हजारो वर्षे जंगल, पाणी आणि डास होते तिथे हे जनुक ज्यांच्याकडे होते ती मुले वाचली, इतर मेली. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, मध्य भारत, सगळीकडे हीच कथा. ज्या जनुकाने आपल्या पूर्वजांना वाचवले त्याच्यासाठी आज त्यांच्या नातीची सोयरीक मोडते.

मग ते ठरावीक समूहांतच का कोंडून राहिले? इथे बाबासाहेबांकडे यावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावाने मांडले की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत विवाह. बाकी सगळे त्याच्या भोवती उभे आहे. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय समूहांच्या जनुकांचा अभ्यास करून दाखवले की एके काळी इथले लोक एकमेकांत मिसळत होते आणि सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी ही सरमिसळ, विशेषतः उच्च जातींमध्ये, जवळजवळ बंद पडली. त्याआधी २०१३ मध्ये हैदराबाद आणि अमेरिकेतील संशोधकांनीही अशीच दिशा दाखवली होती. बाबासाहेबांनी समाजशास्त्राच्या बळावर सांगितले ते प्रयोगशाळेने रक्त तपासून सांगितले. बंदिस्त विवाहामुळे कोणत्या समूहात कोणता अनुवंशिक आजार साचतो, यावर आता स्वतंत्र संशोधन चालू आहे. त्यात तथाकथित उच्चवर्णीयांचे आजारही भरपूर आहेत. त्यांना मात्र कुणी 'अमुक जातीचा रोग' म्हणत नाही.

एक सावधगिरीची सूचना आपल्याच कार्यकर्त्यांसाठी. आंतरजातीय लग्न केले की सिकलसेल जातो, असे भाषणात ठोकून देऊ नये. बौद्ध वाहक आणि गोंड वाहक यांचे लग्न झाले तरी धोका तोच चारात एक. जात मोडायची ती माणुसकीसाठी, रक्त तपासायचे ते मुलांसाठी.

आता उपचार. गेल्या पन्नास वर्षांत या आजारात सर्वांत जास्त जीव कशाने वाचवले? महागड्या यंत्राने नव्हे. १९८६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान मुलांना दिवसातून दोनदा साधी पेनिसिलीनची गोळी दिली तर न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. त्यासाठी मूल रुग्ण आहे हे जन्मतःच कळायला हवे, म्हणजे नवजात बाळाची तपासणी हवी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशी तपासणी करून मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला, आणि त्यातून कळले की विदर्भातला सिकलसेल 'सौम्य' म्हणून सोडून देण्यासारखा नाही. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून इथला आजार सौम्य, असे पाठ्यपुस्तकी वाक्य होते. मध्य भारतातल्या मुलांनी ते खोटे ठरवले.

दुसरे औषध हायड्रॉक्सीयुरिया. मूळ कॅन्सरचे. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले की त्याने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर येतात. कारण ते शरीराला पुन्हा गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बनवायला लावते, आणि त्या हिमोग्लोबिनमुळे पेशी वाकत नाही. १९९८ मध्ये तिथे त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की आपल्या मुलांना कमी, ठरावीक मात्रेतही त्याचा चांगला फायदा होतो. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासण्यांचा कमी बोजा. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातील मुलांवरील अभ्यासात या औषधाने वेदना, संसर्ग, रक्त देण्याची गरज आणि मृत्यूही कमी झाल्याचे दिसले. गरीब देशांत हे औषध चालणार नाही, या म्हणण्याला ते उत्तर होते.

हे औषध पेटंटमुक्त आहे, भारतात बनते, आणि एक कॅप्सूल काही रुपयांना मिळते. तरीही आपल्या रुग्णांपैकी कितीजण ते नियमित घेतात? मी ज्या घरांत जातो तिथे अनुभव असा, की महिनाभर गोळी मिळते, मग "स्टॉक नाही" म्हणून दोन महिने मिळत नाही. मग बाप म्हणतो, या गोळीने गुण येत नाही. आणि तो अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे किंवा 'रक्तशुद्धी'च्या पुड्या विकणाऱ्याकडे जातो. घरात तथागताची मूर्ती आणि मुलाच्या दंडाला ताईत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बापाला शिव्या देणे सोपे आहे. दर महिन्याला गोळी न पोचवणाऱ्या यंत्रणेला जाब विचारणे हे चळवळीचे काम आहे, आणि ते आपण केलेले नाही.

आता त्या अठरा कोटींकडे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र. त्याबद्दल इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोन स्त्रियांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढायच्या, त्यांतील एक खटका प्रयोगशाळेत कापून बंद करायचा म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते, मग जबर केमोथेरपीने रुग्णाचा जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि सुधारलेल्या पेशी परत सोडायच्या. हायड्रॉक्सीयुरिया जे थोडे-थोडे करते, ते हा उपचार एकदाच आणि कायमचे करू पाहतो. मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा पाठपुरावा झाला होता त्यांपैकी २९ जणांना किमान वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. अमेरिकेत हा उपचार घेणारी पहिली सिकलसेल रुग्ण मिसिसिपीची व्हिक्टोरिया ग्रे, एक काळी स्त्री. तिने जगासमोर येऊन आपली कहाणी सांगितली. विज्ञानाचा हा विजय आहे आणि त्याला मनापासून दाद दिली पाहिजे.

किंमत बावीस लाख डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. त्याच दिवशी मान्य झालेल्या दुसऱ्या उपचाराची किंमत एकतीस लाख डॉलर. आफ्रिकेत आणि मध्य भारतात ज्यांचा हा आजार आहे त्यांच्यासाठी या आकड्यांना काहीच अर्थ नाही. कंपनी म्हणते संशोधनाला पैसा लागतो. लागतो. पण त्या संशोधनाच्या पायात कुणाचे रक्त आहे? शंभर वर्षे काळ्या लोकांच्या आणि आदिवासींच्या बाह्यांतून काढलेल्या नमुन्यांवर हे ज्ञान उभे राहिले आहे.

नवे म्हणजे चांगलेच, असेही मानू नये. 'ऑक्सब्रायटा' नावाची गोळी २०१९ मध्ये घाईच्या मार्गाने मान्य झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ती जगभरातून मागे घेतली, कारण घेणाऱ्यांत झटके आणि मृत्यू जास्त असल्याची शंका आली. आपल्याकडचा 'नवीन इंजेक्शन आलं' म्हणून भुलवणारा दलाल हे सांगणार नाही.

आपल्या देशातही काम झाले आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेलवरील देशी जनुक उपचार 'बिरसा १०१' या नावाने जाहीर केला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. किंमत परदेशापेक्षा फार कमी राहील असे सांगितले गेले. उत्तम. पण बिरसा मुंडांचे नाव दिले म्हणून तो बिरसाच्या माणसांना मिळेल असे होत नाही. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन खासगी कंपनीकडे जाते तेव्हा करारात किंमत, पुरवठा आणि सरकारी दवाखान्यांचा हक्क काय लिहिला आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. शिवाय हा उपचार म्हणजे गोळी नव्हे. त्याला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे केंद्र, निर्जंतुक खोली, महिनाभराहून जास्त मुक्काम लागतो. आष्टी-कारंजाच्या शेतमजूर बाईने एवढे दिवस मुलाजवळ बसायचे तर तिची मजुरी कोण देणार?

आणि चाचण्या? त्या होतील, व्हायलाही हव्यात. पण त्या आपल्याच वस्त्यांतून होतील, कारण रुग्ण इथे आहेत. नवी औषधे व क्लिनिकल चाचणी नियम २०१९ नुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई हा हक्क आहे. चाचणीत औषध गुणकारी ठरले, दुसरा पर्याय नसला आणि नैतिक समितीने शिफारस केली तर चाचणी संपल्यावरही रुग्णाला ते मोफत देण्याची तरतूद आहे. संमतीपत्र समजेल अशा भाषेत हवे. ज्याला चाचणीत भाग घ्यायचा त्याने जरूर घ्यावा, मात्र कागद आधी कुणाला तरी वाचायला द्यावा. वकील म्हणून मी हे फुकट वाचून देतो, माझ्यासारखे आणखी वकील बार रूममध्ये आहेत.

कायद्याचा मोठा प्रश्न अपंगत्वाचा आहे. नागपूरचे संपत रामटेके यांच्या घरातच हा आजार होता. त्यांनी आपले दुःख घरात न ठेवता सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे लढा दिला, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा अनेकांच्या रेट्यामुळे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलचा समावेश झाला. पण कायदा नीट वाचा. कलम ३२ नुसार उच्च शिक्षणात पाच टक्के जागा चाळीस टक्के वा जास्त अपंगत्व असलेल्या सर्वांना, त्यात सिकलसेल येतो. कलम ३४ मध्ये सरकारी नोकरीतले चार टक्के आरक्षण आहे, तिथे गटांची यादी दिलेली आहे आणि त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे सिकलसेलचा विद्यार्थी शिकू शकतो, पण त्याच आधारावर नोकरी मागू शकत नाही. हे कोणत्या तर्काने झाले ते मला आजवर कुणी सांगितलेले नाही. संसदेत आपले म्हणवणारे खासदार किती वेळा यावर उभे राहिले, हेही विचारायला हवे.

प्रमाणपत्राची कथा आणखी वेगळी. काही काळ सिकलसेलचे अपंगत्व प्रमाणपत्र वर्षभरासाठीच मिळे, पुढे मुदत तीन वर्षे करण्यात आली. जन्मभराचा आजार आणि मुदतीचा कागद! एका तरुणाला घेऊन मी एका सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे गेलो होतो. वर्षात पाच वेळा भरती झालेला, कमरेचे हाड झिजलेले. तपासणाऱ्याने त्याला चालायला लावले, दोन ओळी लिहायला लावल्या आणि म्हणाला, "याला काय झालंय?" डोळ्यांना न दिसणारे अपंगत्व मोजण्याची पद्धत नियमांत आहे, पण ती वापरणाऱ्याने नियम वाचलेले असले पाहिजेत. तीच गोष्ट वेदनेची. झटक्याने तडफडणारा मुलगा रात्री दोन वाजता दवाखान्यात पोचतो आणि "याचं रोजचंच आहे" म्हणून बाकावर बसवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की सरकारी दवाखान्याने तातडीचा उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे. हा निकाल छापून वस्तीत वाटला पाहिजे.

विम्याचेही तसेच. 'अनुवंशिक आजार' म्हणून दावा नाकारण्याची कंपन्यांची पद्धत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशी सरसकट वगळणूक भेदभावाची ठरवली, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जनुकांच्या आधारे भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. अमेरिकेने तो २००८ मध्ये केला, पण त्याआधी फार चटके खाऊन. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने काळ्या वस्त्यांत जाऊन मोफत सिकलसेल तपासणी सुरू केली, कारण सरकारने या आजाराकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, अमेरिकेत सिकलसेलचा कायदा झाला. पण पाठोपाठ काही राज्यांनी काळ्यांची तपासणी सक्तीची केली, वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला, हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत वाहक तरुणांना प्रवेश नव्हता. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजता केलेली तपासणी माणसाला वाचवत नाही, डागते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेकडे मी याच नजरेने पाहतो. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे, तो रास्तच आहे. पण विदर्भात हे जनुक अनुसूचित जमातीची यादी वाचून थांबत नाही, तेव्हा आपल्या वस्त्या सुटता कामा नयेत. आणि 'निर्मूलन' कशाचे? आजाराचे, की आजारी माणसांच्या जन्माचे? गर्भजल तपासणीचा मार्ग कायद्याने उघडा आहे, लिंगनिदानबंदीच्या कायद्यातच रक्ताच्या या आजारांसाठी अपवाद ठेवलेला आहे. तो निर्णय आईबापांचा, आणि तो सर्व माहिती मिळाल्यावरचा. सरकारने टक्केवारी गाठण्यासाठी कुणाला त्यात ढकलू नये. कार्डावरची माहितीही त्या माणसाची आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. गावच्या सभेत यादी वाचून दाखवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

वर्धा जिल्हा या बाबतीत नशीबवान म्हटला पाहिजे. सेवाग्राम आणि सावंगी, एकाच जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये. सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यातल्या रुग्णांसाठी उभे केले, स्वस्त जेनेरिक औषधांचा आग्रह तिथल्या डॉक्टरांनी बाजाराच्या विरोधात जाऊन धरला. गांधीजींशी आपला वाद पुणे करारापासूनचा आहे आणि तो राहील. पण आपल्या वस्तीतला एसएस मुलगा झटका आल्यावर कुठे जातो, हे सांगताना मला लाज वाटण्याचे कारण नाही. प्रश्न सेवाग्रामपर्यंत पोचण्याआधीचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचे किट आहे काय, हायड्रॉक्सीयुरिया आहे काय, फोलिक ॲसिड आहे काय. एसटीचा मोफत प्रवास आणि परीक्षेतला जादा वेळ या सवलती घेणारी मुले किती, आणि त्या आहेत हेच माहीत नसलेली किती.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत पगार, उंची, रंग विचारतात, काही ठिकाणी दबक्या आवाजात पोटजातही विचारतात. तिथे मुलीचे सिकलसेल कार्ड मागण्याची नवी चाल आली आहे. ती बंद व्हावी असे मी म्हणत नाही, ती बदलावी असे म्हणतो. तपासणी सोयरीक ठरताना नको, अकरावी-बारावीतच व्हावी, मुलगा-मुलगी दोघांची, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात. सक्तीला माझा विरोध आहे, अमेरिकेचा अनुभव वर सांगितला आहे. पण वर्षावासात तीन महिने विहारात रोज लोक जमतात. त्यातला एक रविवार तपासणीला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आरोग्य विभागाला पत्र दिले की पथक येते. आमच्याकडे गेल्या वर्षावासात आले होते. स्त्रियांची रांग दारापर्यंत गेली, पुरुष बाहेर खुर्च्या टाकून बसले होते. शेवटी विहार समितीच्या अध्यक्षांनी स्वतः बाही वर केली, तेव्हा बाकीचे उठले.

देवळीचा तो बाप पंधरा दिवसांनी पुन्हा आला. केस करायची नाही म्हणाला. मुलीनेच सांगितले होते की ज्यांनी स्वतःच्या मुलाचे रक्त तपासले नाही त्यांच्या घरी आता जायचेच नाही. तो आला होता दुसऱ्याच कामासाठी. धाकट्या मुलाचे कार्ड आले होते आणि ते एसएस होते. वय अकरा. दोन वर्षांपासून हातपाय दुखतात म्हणून शाळा बुडत होती आणि घरचे त्याला आळशी म्हणत होते. मी त्याला सेवाग्रामच्या बाह्यरुग्ण विभागाचे दिवस लिहून दिले, गोळीचे नाव लिहून दिले, अपंगत्वाचा अर्ज भरून दिला. अर्ज अजून मंडळाकडे आहे.